जॉर्ज बूल आणि आपले ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’



आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. मुलं ते आवडीने करतात, कारण ते ‘स्कोअरिंग’ आहे. ट्रुथ टेबल पाठ, चिन्हं पाठ, मार्क हातात. त्याच मुलांना पुस्तक मिटायला सांगा आणि साध्या मराठीत विचारा, “पाऊस पडला तर मैदान ओलं होतं. आज मैदान ओलं आहे. मग पाऊस पडला का?” बरेच हात वर येतात आणि उत्तर येतं, “हो सर, पडला.” मैदानाशेजारची टाकी भरून वाहिली असेल, माळीकाकांनी पाणी मारलं असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही.

यात मुलांचा दोष नाही. आपण तर्क शिकवतो तो फार उशिरा शिकवतो आणि चुकीच्या जागी शिकवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तर्काची खरी जागा भाषेत आहे, रोजच्या बोलण्यात आहे. हे मत माझ्या पदरचं नाही. ज्याच्यामुळे हे प्रकरण गणिताच्या पुस्तकात आलं, तो जॉर्ज बूल स्वतः भाषेपासूनच निघाला होता. आपण त्याला ‘संगणकाचा पाया घालणारा गणितज्ञ’ एवढ्या एका ओळीत गुंडाळतो. सामान्यज्ञानाच्या पेपरला ती ओळ पुरते. पण तुम्हाआम्हाला उपयोगी असलेला बूल त्या ओळीच्या बाहेरच राहतो. तो आधी शाळामास्तर होता, आणि आयुष्यातली उमेदीची अठरा वर्षं त्याने शाळेतच घालवली. म्हणून आजचा लेख त्याच्यावर.

दुकानातली दुर्बीण

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावात झाला. वडील जॉन बूल जोडे शिवायचे. आई मेरी ॲन लग्नाआधी एका घरात मोलकरीण म्हणून काम करायची. वडिलांचं दुकान फारसं चालायचं नाही, कारण त्यांचं लक्ष धंद्यापेक्षा दुर्बिणी आणि भिंगं बनवण्यात जास्त. असा कारागीर आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो. पंप दुरुस्त करता करता तो मोटरचं अंतरंग मुलाला दाखवत बसतो आणि गिऱ्हाईक ताटकळत राहतं. घरात पैसा नसतो, पण ‘हे असं का चालतं?’ हा प्रश्न असतो. जॉर्जला वारसा मिळाला तो या प्रश्नाचा.

गणिताची गोडी वडिलांनी लावली. लॅटिन शिकायला गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने मदत केली. ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याने बहुतांशी स्वतःच्या बळावर मिळवल्या. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं आणि वडिलांनी ते कौतुकाने गावच्या वर्तमानपत्रात छापून आणलं. लगेच एका वाचकाने शंका काढली, की हे काम चौदा वर्षांच्या पोराचं असूच शकत नाही. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा आणि ग्रीक? ही शंका आपल्या ओळखीची नाही का? मागच्या बाकावरच्या मुलाने चांगला निबंध लिहिला की आपल्याही तोंडून पहिला शब्द निघतो, “कुणाचा बघून लिहिलास?”

सोळाव्या वर्षी मास्तर, एकोणिसाव्या वर्षी शाळाचालक

१८३१ च्या सुमाराला वडिलांचा धंदा पार बसला. घर चालवायची जबाबदारी सोळा वर्षांच्या जॉर्जवर आली. तो डॉनकास्टर गावातल्या एका शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून लागला. तिथून पुढे लिव्हरपूल, मग लिंकनजवळचं वॉडिंग्टन. १८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. आईवडील आणि भावंडं त्या शाळेच्या उत्पन्नावर जगली.

कॉलेजचं तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधीच पाहिलं नाही. दिवसभर शाळा आणि रात्री अभ्यास. लाक्रोआ या फ्रेंच गणितज्ञाचं कलनशास्त्राचं पुस्तक त्याने एकट्याने वाचून काढलं. पुढे लाग्रांजचे ग्रंथ वाचले. गणिताचं पुस्तक इतर पुस्तकांपेक्षा स्वस्त पडतं, कारण ते वाचून संपायला फार दिवस लागतात, असा हिशेब तो करायचा असं सांगतात. शिक्षकाच्या पगारात पुस्तकं घेणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको.

गावात कारागिरांसाठी चालणारी एक संस्था होती, मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. तिथे ग्रंथालय होतं, व्याख्यानं व्हायची. बूल तिथे शिकला आणि तिथेच शिकवूही लागला. दुकानात काम करणाऱ्या नोकरांना रात्री उशिरापर्यंत राबवून घेत, तेव्हा दुकानं लवकर बंद व्हावीत म्हणून लिंकनमध्ये चळवळ सुरू झाली. १८४७ मध्ये बूलने त्या चळवळीच्या व्यासपीठावरून मोकळ्या वेळाचा उपयोग कसा करावा यावर व्याख्यान दिलं. विचार करायला माणसाला वेळ लागतो आणि तो वेळ गरिबालाही मिळाला पाहिजे, हे त्याला स्वतःच्या आयुष्यातून ठाऊक होतं.

इथे मला शिक्षकांविषयी एक गोष्ट बोलायची आहे. १८४० च्या आसपास या शाळामास्तराने आपले लेख ‘केंब्रिज मॅथेमॅटिकल जर्नल’कडे पाठवायला सुरुवात केली. संपादक होता डंकन ग्रेगरी, एक तरुण गणितज्ञ. त्याने लेख छापले, दुरुस्त्या सुचवल्या आणि प्रोत्साहन दिलं. केंब्रिजला जाऊन रीतसर पदवी घ्यावी असं बूलच्या मनात आलं होतं, पण पदवीच्या परीक्षांमागे लागलास तर स्वतःचं संशोधन सोडावं लागेल, हे ग्रेगरीने त्याला दाखवून दिलं. शिवाय शाळा बंद केली तर घर कसं चालणार, हा प्रश्न होताच. बूल शाळेतच राहिला आणि १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला रॉयल मेडल दिलं. गावातला मास्तर, पदवी नाही, आणि देशातल्या सर्वोच्च विज्ञानसंस्थेचं पदक. एका संपादकाने हस्ताक्षराखालचं पद न बघता मजकूर वाचला, म्हणून हे झालं.

आपल्याकडे शिक्षक काही नवीन करू बघतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न काय विचारला जातो? “तुमचं क्वालिफिकेशन काय?” मजकूर नंतर. आधी फॉर्म भरा, मग लिंक भरा, मग फोटो अपलोड करा. या सगळ्यातून शिक्षकाला वाचायला आणि विचार करायला किती वेळ उरतो, याचं उत्तर तुम्हीच द्या.

‘पांढरी पांढरी गाय’ म्हणजे किती गायी?

आता मूळ कल्पनेकडे येऊ. डॉनकास्टरला असताना, जेमतेम सतरा वर्षांच्या वयात, एक माळ ओलांडून चालताना त्याच्या मनात विचार चमकून गेला होता, की माणसाच्या विचारांचे नियम बीजगणितासारखे मांडता येतील. ही आठवण त्याच्या पत्नीने पुढे सांगितली आहे. ती कल्पना पंधरा वर्षं मुरत राहिली. १८४७ साली ऑगस्टस डी मॉर्गन आणि एडिंबरोचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यात तर्कशास्त्रावरून वाद पेटला. तो वाद वाचून बूल पुन्हा कामाला लागला आणि त्याच वर्षी त्याचं तर्काच्या गणिती विश्लेषणावरचं छोटं पुस्तक बाहेर आलं. १८५४ मध्ये आला मोठा ग्रंथ, विचारांच्या नियमांवरचा. लोक त्याला ‘लॉज ऑफ थॉट’ या नावाने ओळखतात.

कल्पना सोपी आहे. आठवीच्या मुलालाही कळेल अशी.

समजा, क्ष म्हणजे ‘पांढऱ्या वस्तू’ आणि य म्हणजे ‘गायी’. मग क्ष × य म्हणजे पांढऱ्याही आणि गायीही, म्हणजे पांढऱ्या गायी. आधी पांढऱ्या वस्तू निवडा आणि त्यांतून गायी निवडा, किंवा आधी गायी निवडा आणि त्यांतून पांढऱ्या निवडा. उत्तर तेच. म्हणजे क्ष × य = य × क्ष. हे तर आपल्या नेहमीच्या गुणाकारासारखंच झालं.

आता पांढऱ्या वस्तूंमधून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडा. काय मिळालं? त्याच पांढऱ्या वस्तू. म्हणजे क्ष × क्ष = क्ष. इथे नेहमीच्या बीजगणिताची वाट सुटते. नेहमीच्या संख्यांमध्ये असं कधी होतं? क्ष चा वर्ग क्ष इतकाच, हे फक्त दोन संख्यांना लागू पडतं, ० आणि १. मुलांना हे समीकरण सोडवायला द्या, ती पाच मिनिटांत इथवर येतात. बूलने या दोन संख्यांना अर्थ दिला. ० म्हणजे काहीच नाही. १ म्हणजे ज्याच्याविषयी आपण बोलतोय ते सगळं. मग १ − क्ष म्हणजे काय? सगळ्यातून पांढऱ्या वस्तू वगळल्या, म्हणजे पांढऱ्या नसलेल्या वस्तू. झालं ‘नाही’चं चिन्ह तयार.

आणि क्ष × क्ष = क्ष हेच समीकरण जरा फिरवून लिहिलं, तर क्ष × (१ − क्ष) = ०. मराठीत वाचा : जे पांढरंही आहे आणि पांढरं नाहीही, असं काहीच नाही. ॲरिस्टॉटलपासून तत्त्वज्ञांनी विचाराचा मूळ नियम मानलेली गोष्ट एका साध्या वर्गसमीकरणातून बाहेर पडली. वर्गात हे फळ्यावर करून बघा. गणितात न रमणारी मुलंही मान वर करतात.

एखादा चुणचुणीत मुलगा लगेच म्हणेल, “पण सर, ‘गरम भजी’ आणि ‘गरम गरम भजी’ यात फरक आहे ना?” आहेच! मराठीत दोनदा म्हटलं की जोर येतो, चव येते. बूलच्या समीकरणात ती चव बसत नाही. चिन्हात काय मावतं आणि काय मावत नाही, ही चर्चा त्या एका भज्यावरून सुरू होते. माझ्या मते अशा चर्चेचा एक तास हा दहा ट्रुथ टेबलांच्या बरोबरीचा आहे.

मराठी भाषा तर्काने भरलेली आहे

आपल्या भाषेत या कामासाठी किती हत्यारं आहेत बघा.

‘चहा की कॉफी?’ आणि ‘चहा किंवा कॉफी चालेल’. ‘की’ विचारलं तर दोन्हींतलं एकच निवडायचं. ‘किंवा’मध्ये दोन्हीला दार उघडं राहू शकतं. ‘आधार कार्ड किंवा रेशन कार्ड आणा’ म्हटलं आणि कुणी दोन्ही आणली, तर आपण त्याला परत पाठवत नाही. खुद्द बूलला हा ‘किंवा’ त्रास देऊन गेला. त्याच्या पद्धतीत बेरीज करायची तर दोन गटांत एकही वस्तू सामाईक असता कामा नये. स्टॅनली जेव्हन्स या तरुण अभ्यासकाने पत्र लिहून त्याच्याशी वाद घातला, की क्ष + क्ष = क्ष मानायला काय हरकत आहे? बूलने ते मानलं नाही. पुढे जगाने जेव्हन्सची बाजू घेतली, आणि आज पुस्तकात आपण शिकवतो तो ‘किंवा’ दोन्हीला परवानगी देणारा आहे. मुलांना ही हकीकत जरूर सांगा. शोध लावणाऱ्याचंही म्हणणं पुढच्या पिढीने सुधारून घ्यायचं असतं.

मग आपला ‘च’. एका अक्षराचा शब्द, पण करामत मोठी. ‘रविवारी मासे मिळतात.’ ‘रविवारीच मासे मिळतात.’ ‘रविवारी मासेच मिळतात.’ तीन वाक्यं, तीन अर्थ. पहिल्या वाक्यावरून सोमवारी मासे मिळणार नाहीत असं म्हणता येत नाही, दुसऱ्यावरून म्हणता येतं. तिसऱ्यावरून कळतं की रविवारी मटण शोधत फिरू नये. व्याकरणाच्या तासाला आपण ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतो, एका मार्काचा प्रश्न टाकतो आणि पुढे जातो.

पालकहो, ‘तर’ आणि ‘तरच’ यांचा घोळ घरोघरी होतो. तुम्ही म्हणता, “अभ्यास केलास तर मोबाईल देईन.” आजोबा अभ्यास न करताच मोबाईल देतात. तुम्ही चिडता. काटेकोर अर्थाने तुमचं वाक्य आजोबांनी मोडलेलंच नाही. तुम्हाला म्हणायचं होतं ‘तरच’.

आणि ‘नाही’? ‘सगळी मुलं आली नाहीत.’ या वाक्याचा अर्थ काय? एकही मूल आलं नाही, की काही आली आणि काही आली नाहीत? दोन्ही अर्थ निघू शकतात. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात एक असतो, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा. सहलीची नोटीस, बँकेचा फॉर्म, औषधाच्या डबीवरची सूचना, करारपत्र, या सगळ्यांत हा ‘नाही’ बसलेला असतो. तो न कळल्याची किंमत परीक्षेत मोजावी लागत नाही, बाहेर मोजावी लागते.

आता शेवटचा शब्द, ‘पण’. बारावीचं पुस्तक सांगतं की तर्कात ‘पण’चं चिन्ह आणि ‘आणि’चं चिन्ह एकच. ‘तो गरीब आहे पण हुशार आहे’ हे वाक्य केव्हा खरं? तो गरीब असेल आणि हुशार असेल तेव्हा. म्हणजे खऱ्याखोट्याच्या हिशेबात ‘पण’ने काहीच भर घातली नाही. मग ‘पण’ आला कुठून? तो आपल्या मनातून आला. गरीब असला की हुशार नसणार, हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. लिंकनच्या वर्तमानपत्राला शंका लिहून पाठवणाऱ्या त्या वाचकाच्या मनात हाच ‘पण’ होता. तर्क शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. वाक्यातून तर्क बाजूला काढला की खाली उरलेला पूर्वग्रह उघडा पडतो.

कॉर्क, मेरी आणि पाच मुली

१८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नवीन निघालेल्या क्वीन्स कॉलेजात बूल गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. बटाट्याच्या पिकावर रोग पडून आलेल्या भीषण दुष्काळाने तेव्हा आयर्लंड होरपळत होतं. विद्यापीठाची पदवी नसलेल्या शाळामास्तराला हे पद मिळालं ते त्याच्या कामावर. तिथेच त्याने मोठा ग्रंथ लिहिला, आणि विद्यार्थ्यांसाठी विकलक समीकरणांवर, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्सवर, १८५९ मध्ये पाठ्यपुस्तकही लिहिलं. १८५७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

१८५५ मध्ये त्याचं मेरी एव्हरेस्टशी लग्न झालं. हे आडनाव आपल्या मुलांना माहीत आहे. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं, ते तिचे काका. भारताशी आणखी एक धागा आहे. बूलचा मित्र डी मॉर्गन याचा जन्म १८०६ साली आपल्या मदुराईचा. दिल्लीच्या मास्टर रामचंद्र यांचं महत्तम आणि लघुतम किमतींवरचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध झालं, ते डी मॉर्गननेच प्रस्तावना लिहून पुढाकार घेतल्यामुळे.

मात्र एक सावधगिरी. मेरीने १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक लेख लिहिला. एव्हरेस्ट यांच्यामार्फत भारतीय विचारांचा प्रभाव बूल, डी मॉर्गन यांच्यापर्यंत पोचला, असं तिचं त्यात म्हणणं आहे. व्हॉट्सॲपवर याचं रूपांतर ‘बूलने सगळं भारतातून उचललं’ असं व्हायला वेळ लागत नाही. बूलचा ग्रंथ उघडला तर त्यात उदाहरणं ॲरिस्टॉटल, क्लार्क आणि स्पिनोझा यांच्या युक्तिवादांची आहेत. दावा वेगळा आणि पुरावा वेगळा, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

१८६४ च्या थंडीत बूल घरून कॉलेजकडे भर पावसात चालत निघाला आणि ओल्या कपड्यांनीच त्याने व्याख्यान दिलं. त्यातून आजारपण आलं, ते छातीवर गेलं आणि ८ डिसेंबर १८६४ रोजी तो वारला. वय ४९. मागे पत्नी आणि पाच लहान मुली.

मेरी लंडनला आली, मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली आणि गणित शिकवण्यावर लिहू लागली. पुठ्ठ्याच्या कार्डाला समान अंतरावर भोकं पाडायची, सुईदोऱ्याने सरळ टाके घालायचे आणि त्या सरळ रेषांतून वक्ररेषा उमटताना बघायची, हा खेळ तिने रुजवला. आपल्या हस्तकलेच्या तासाला आजही तो होतो, फक्त ते गणित आहे हे आपण सांगत नाही. तिची मुलगी अलिशिया हिला गणिताचं रीतसर शिक्षण मिळालं नव्हतं, तरी चार मितींच्या आकृत्यांवर तिने मोलाचं काम केलं आणि १९१४ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. ल्युसी रसायनशास्त्रज्ञ झाली. एथेल लिलियनची ‘द गॅडफ्लाय’ ही कादंबरी जगभर वाचली गेली.

मग संगणकाचं काय?

बूलने संगणक बनवला नाही, त्याच्या डोळ्यांसमोर तो नव्हताही. १९३७ साली, म्हणजे बूलच्या मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, क्लॉड शॅनन या अमेरिकन विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवलं, की विजेच्या स्विचांची मंडलं बूलच्या बीजगणिताने मांडता येतात. दोन स्विच एकामागे एक जोडले तर दोन्ही चालू असतील तेव्हाच दिवा लागतो, हा ‘आणि’. दोन स्विच समांतर जोडले तर कोणताही एक चालू असला तरी लागतो, हा ‘किंवा’. शॅननला हे बीजगणित माहीत कसं होतं? कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकला होता म्हणून. ‘याचा पुढे काय उपयोग?’ असं प्रत्येक धड्याबद्दल विचारणाऱ्या पालकांसाठी हे उत्तर मी राखून ठेवलेलं आहे.

वर्गात काय करता येईल?

वेगळा तास नको, वेगळं पुस्तक नको. आहे त्यातच करू.

तिसरी-चौथीत मुलांना उभं करून खेळ घ्या. ‘ज्यांनी चष्मा लावलाय आणि ज्यांच्याकडे पाण्याची बाटली आहे त्यांनी बसा.’ मग ‘आणि’च्या जागी ‘किंवा’. मग ‘ज्यांच्याकडे बाटली नाही त्यांनी’. पाच मिनिटांचं काम.

पाचवी ते सातवीत मराठीच्या तासाला ‘च’ वाक्यातून हलवत न्या आणि अर्थ काय बदलला ते लिहायला सांगा. ‘सगळी मुलं आली नाहीत’सारखी दुहेरी वाक्यं वर्तमानपत्रातून शोधून आणायला लावा.

आठवी-नववीत विज्ञानाच्या तासाला सेल, बल्ब आणि दोन स्विच घेऊन ‘आणि’, ‘किंवा’ जोडा. जिन्यातला दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून कसा लागतो-विझतो, त्याची सारणी मुलांनाच करू द्या. भूमितीत प्रमेय आणि व्यत्यास शिकवताना पावसाचं आणि ओल्या मैदानाचं वाक्य घ्या आणि चार प्रश्न विचारा. पाऊस पडला, तर? मैदान नक्की ओलं. पाऊस पडला नाही, तर? सांगता येत नाही. मैदान ओलं आहे, तर? सांगता येत नाही. मैदान कोरडं आहे, तर? पाऊस नक्की पडला नाही.

या चारांपैकी दोन उत्तरं ‘सांगता येत नाही’ अशी आहेत. आपल्या परीक्षेत या उत्तराला कधी मार्क मिळालेत का? प्रत्येक प्रश्नाला ठाम उत्तर असतंच, आणि ते लिहिलंच पाहिजे, रिकामं सोडायचं नाही, अशी सवय आपण मुलांना दहा-बारा वर्षं लावतो. मग तीच मुलं मोठी होऊन अर्ध्या माहितीवर ठाम मत देतात, अफवा पुढे ढकलतात, आणि आपण म्हणतो की आजकालच्या पिढीला विचार करता येत नाही. ‘एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही’ हे उत्तर बरोबर असू शकतं, हे निदान घटक चाचणीत तरी मान्य करूया.

दोन आक्षेप येतील याची कल्पना आहे. पहिला, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा? वर दिलेलं काहीही अभ्यासक्रमाबाहेरचं नाही. अव्ययं, विद्युत मंडल, व्यत्यास, सगळं पुस्तकात आहेच. दुसरा आक्षेप पालकांचा. तर्क शिकला की पोरगं उलट बोलेल. बोलेल, खरं आहे. पण तर्क त्यालाही बांधतो. आपल्याच वाक्यातून जे निघतं ते त्याला मान्य करावं लागतं, आवडो न आवडो. उलट बोलण्यात आणि मुद्द्याचं बोलण्यात फरक आहे, आणि तो फरक तर्कच शिकवतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. तर्क फक्त एवढंच सांगतो की हे मानलं तर ते येतं. मुळात जे मानलं ते खरं आहे का, हे बघायला डोळे उघडून मैदानावर जावं लागतं. मुलांना दोन्ही शिकवायचं आहे.

तेव्हा मित्रहो, उद्या वर्गात गेलात की फळ्यावर एकच वाक्य लिहा : ‘सगळी मुलं आली नाहीत.’ आणि विचारा, “याचा अर्थ काय?” मुलं भांडतील, भांडू द्या. त्यातून काय निघालं ते मला नक्की कळवा. आणि तुमच्या वर्गात एखाद्या मुलाने अपेक्षेपेक्षा फार चांगलं काही लिहून आणलं, तर ‘कुणाचा बघून?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी विचारा, “हे तुला कसं सुचलं?”